पिशवीतली चिठ्ठी

गुप्तदानाचे पुण्य मोठे, हे मी लहानपणी घरात ऐकले, पुढे तीस वर्षे शाळेत मुलींना शिकवले, आणि त्याविषयी कधी शंका घेतली नाही. शंका घ्यावी असा प्रसंगच आला नाही. आमच्यासारख्यांचे दान ते केवढे! देवळाच्या पेटीत टाकलेल्या नाण्यावर नाव लिहायचे म्हटले तरी लिहिता येत नाही. ते आपोआपच गुप्त राहते. पण सत्तरी गाठल्यावर, घरापासून हजारो मैलांवर, एका चर्चच्या तळघरात बसून दुसऱ्याच्या दानातून त्याचे नाव काढून टाकण्याचे काम माझ्याकडे आले. तेव्हापासून ह्या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला आहे. दिवाळीत घरोघर देणेघेणे सुरू झाले, फराळाची ताटे ह्या दारातून त्या दारात जाऊ लागली, की तो विचार पुन्हा डोके वर काढतो.

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीमध्ये भूकंप झाला तेव्हा मी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका लहान गावी मुलीकडे राहत होते. हैती हा कॅरिबियन समुद्रातला एक छोटा, अतिशय गरीब देश. गुलामांनी बंड करून १८०४ साली स्वतंत्र केलेला, एवढेच मला इतिहासाच्या पुस्तकामुळे ठाऊक होते. पोर्टोप्रिन्स हे राजधानीचे शहर काही क्षणांत ढासळले. मृतांचा नक्की आकडा आजही कोणी सांगू शकत नाही; कोणी एक लाख म्हणतात, तेथील सरकारने तीन लाखांच्या वर सांगितला. राष्ट्राध्यक्षांचा पांढरा राजवाडा मधोमध खचला, मोठे कॅथेड्रल पडले, आर्चबिशप मेले. माझी मुलगी ज्या मेथडिस्ट शेजारणीविषयी नेहमी कौतुकाने बोलते, त्या बाई दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. मेथडिस्ट पंथाची परदेशी आपद्ग्रस्तांना मदत करणारी एक समिती आहे. ती १९४० साली स्थापन झाली. तिचे प्रमुख सॅम डिक्सन हे नेमके त्याच दिवशी हैतीतल्या आरोग्यसेवेच्या एका कामासाठी तिकडे गेले होते, आणि ते उतरले होते त्या हॉटेल माँटानाखाली गाडले गेले होते. पुढे चार दिवसांनी ते गेल्याचे कळले. त्यांच्याबरोबरचे क्लिंटन रॅब ह्यांना ढिगाऱ्यातून जिवंत काढले, पण तेही फ्लॉरिडातल्या रुग्णालयात वारले. मदत पाठवणारे घरच अशा रीतीने सुतकात होते. तरी बाई म्हणाल्या, “रडायला वेळ नाही. शनिवारी पिशव्या भरायच्या आहेत. तुम्ही येता?”

बाईंचे वय चौऱ्याऐंशी. नवरा वारलेला, मुले दूर. एकट्या राहत, स्वतः बर्फ खोऱ्याने उपसत. मी हिंदू, त्यांच्या चर्चमध्ये मी काय करणार, असा संकोच मला होता. तो मी बोलून दाखवताच त्या म्हणाल्या, “टॉवेलची घडी घालता येते ना? मग झाले.”

तळघर म्हणजे एक लांबलचक दिवाणखाना. भिंतीला लागून टेबले मांडलेली, कॉफीचा वास, आणि चाळीस-पन्नास माणसे. बहुतेक म्हातारी, थोडी मुले. प्रत्येक टेबलावर एका वस्तूचा ढीग आणि भिंतीवर एक यादी. हात पुसायचा एक टॉवेल. अंग धुवायचे एक लहान फडके. एक कंगवा. एक नखे कापायचे यंत्र. साबणाची एक मोठी वडी, वेष्टनासकट. दात घासायचा एक ब्रश, त्याच्या डबीसकट. जखमेवर लावायच्या काही चिकटपट्ट्या. हे सर्व तोंड दाबून बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे, आतली हवा हाताने दाबून काढायची, आणि पिशवी खोक्यात रचायची. कंगव्यापुढे मुद्दाम लिहिले होते की तो मोठा आणि मजबूत हवा, खिशात मावणारा चालणार नाही. ते वाचून मला बरे वाटले. यादी करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणाचे तरी डोके होते, त्यावरचे दाट कुरळे केस होते. दंतमंजनाची नळी मात्र यादीत नव्हती. मी विचारले तेव्हा कळले की तिच्यावर मुदतीची तारीख असते; पिशव्या कोठारात महिनोन् महिने पडून राहू शकतात, म्हणून ती खोकी रवाना होताना वेगळी, घाऊक घालतात. हे कोठार लुइझियाना राज्यात बॉल्डविन नावाच्या गावी होते. आमची खोकी तेथे जायची, पुन्हा तपासली जायची, आणि मग जेथे गरज असेल तेथे.

यादीच्या खाली जाड अक्षरात एक सूचना होती: पिशवीत पैसे, चिठ्ठी अथवा यादीत नसलेली कोणतीही वस्तू घालू नये.

मला नवखी म्हणून शेवटच्या टेबलावर बसवले. काम सोपे. भरलेली पिशवी उघडून पाहायची, सात वस्तू मोजायच्या, जास्तीचे काही असेल तर काढायचे. निघालेही. एकीत चॉकलेट, एकीत रंगीत खडूंची पेटी, एकीत डॉलरची घडी. माणसाचा हात यादीपाशी थांबत नाही. मी ते सर्व एका टोपलीत टाकत गेले. आणि मग एका पिशवीत टॉवेलच्या घडीत लपवलेला निळा कागद मिळाला. अक्षर थरथरते, पण ते मी ओळखले, कारण आमच्या फ्रिजवर त्याच अक्षरातली केकची कृती चिकटवलेली होती. शेजारीणबाईंनी लिहिले होते की मी तुमच्यासाठी रोज प्रार्थना करते, पण कोणासाठी करते हे मला कळत नाही, म्हणून तुमचे नाव मला कळवाल का? खाली त्यांचे नाव आणि पत्ता होता.

बाई पलीकडच्या टेबलावर साबण मांडत होत्या. मी चिठ्ठी काढली आणि, टोपलीत न टाकता, माझ्या पर्समध्ये ठेवली. पिशवी बंद केली. त्या दिवशी आम्ही एकशे चाळीस पिशव्या भरल्या.

मी केले ते नियमाप्रमाणे केले. त्या नियमाचे समर्थन करणे मुळीच कठीण नाही, आणि मी ते स्वतःपाशी अनेकदा केले आहे. पिशवी हैतीलाच जाईल असे नव्हते. चिठ्ठी इंग्रजीत, हैतीतल्या सामान्य माणसाची भाषा क्रेओल. ज्याचे घर पडले, पोर गेले, त्याच्या हाती साबणाबरोबर एका अपरिचित बाईचा पत्ता द्यायचा, म्हणजे उत्तराचे ओझे द्यायचे. घेणाऱ्याने आभार मानलेच पाहिजेत अशी कोंडी करायची नाही, ही त्या सूचनेमागची सभ्यता मला पटते. शिवाय प्रार्थनेचा उल्लेख. साबण आणि धर्म एका पिशवीत घातले की साबणाची किंमत वाढते, आणि ती घेणाऱ्याला मोजावी लागते. मेथडिस्टांनी ती न मोजायला लावण्याचे ठरवले होते, हे त्यांना भूषणावह आहे.

आणि हे काही नवे शहाणपण नव्हे. डोंगरावरच्या प्रवचनात ख्रिस्ताने उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये असे सांगितले. आपल्या गीतेने सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार केले. ज्याच्याकडून फेड होण्याचा संभव नाही अशाला, योग्य स्थळी, योग्य वेळी, द्यायचे म्हणून दिले ते सात्त्विक. परतफेडीवर डोळा ठेवून दिले ते राजस. ह्या हिशेबाने शेजारीणबाईंची चिठ्ठी राजस ठरते. त्यांना परत काहीतरी हवे होते. काय हवे होते? एक नाव. ह्या ठिकाणी माझी गाडी अडते. परतफेड म्हणून कोणाचे नाव मागणे आणि कीर्ती मागणे हे एकाच तागडीत घालायला माझे मन तयार होत नाही.

गीतेतला तिसरा प्रकार आपण सहसा वाचून सोडून देतो. अस्थानी, अवेळी, आदर न ठेवता, तुच्छतेने दिलेले दान तामस. हा प्रकार मी प्रत्यक्ष पाहिला नसला तरी त्याची वर्णने आपण सर्वांनीच वाचली आहेत. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर नागपट्टिणमच्या बाजूला देशभरातून जुन्या कपड्यांचे ट्रकच्या ट्रक आले. ते रस्त्याच्या कडेला ओतले गेले आणि तेथेच भिजून कुजले. कोळ्यांच्या बायकांनी ते घेतले नाहीत. आदल्या दिवसापर्यंत स्वतःच्या मासळीवर जगणारी, नीटनेटकी राहणारी ती माणसे. त्यांनी लोकांची उतरलेली, फाटकी वस्त्रे का नेसावी? पाठवणाऱ्या घरांत मात्र कपाट रिकामे झाल्याचे आणि पुण्य लागल्याचे असे दुहेरी समाधान झाले असेल. त्या कपड्यांवरही कोणाचे नाव नव्हते. ते दान अगदी गुप्त होते! नाव नसले म्हणजे दान शुद्ध झाले, ही माझी शाळेतली समजूत त्या ढिगाऱ्यापुढे टिकत नाही.

चर्चच्या तळघरात पुढे एकदा आणखी एका गोष्टीची कुजबुज चालली होती. आयडाहो राज्यातल्या बाप्टिस्ट चर्चची दहा माणसे हैतीत गेली होती. त्यांनी तेहतीस मुले बसमध्ये घालून शेजारच्या डॉमिनिकन देशात अनाथाश्रमासाठी न्यायला काढली, आणि जानेवारीच्या अखेरीस सरहद्दीवर पोलिसांनी त्यांना पकडले. ही मुले अनाथ आहेत असे ते म्हणत होते. चौकशीत बहुतेकांचे आईबाप, निदान त्यांतले एक, जिवंत निघाले. गरिबीने गांजलेल्या आयांनी पोराला शाळा मिळेल, पोटभर मिळेल, ह्या आशेने त्यांना दिले होते. पकडलेल्या माणसांविषयी तळघरात दोन मते होती. एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “त्यांचे अंतःकरण चांगले होते.” त्यावर साबणाच्या टेबलावरून शेजारीणबाई म्हणाल्या, “मुलांना आई आहे का, हे विचारायला अंतःकरण लागत नाही. तोंड लागते.” म्हातारी बोलायला अशी तिखट होती.

हैतीची गोष्ट ह्या बाबतीत मोठी बोलकी आहे. त्या देशाला परोपकाराने जितके दिले तितकेच त्याच्याकडून नेलेही आहे. एके काळी तेथे लोकांना पुरेल असा तांदूळ पिकत असे. १९९० नंतरच्या वर्षांत बाहेरच्यांच्या आग्रहामुळे परदेशी तांदळावरची जकात एकदम खाली आणली, अमेरिकेचा स्वस्त तांदूळ बंदरात उतरला, आणि आर्टिबोनाइट नदीच्या खोऱ्यातला शेतकरी बसला. भूकंपानंतर दोन महिन्यांनी, मार्च २०१० मध्ये, बिल क्लिंटन ह्यांनी अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढे ह्या धोरणाबद्दल खेद व्यक्त केला. आपल्या आर्कान्सामधल्या काही शेतकऱ्यांचे त्यामुळे भले झाले असेल, पण हैतीची स्वतःला पोसण्याची शक्ती गेली आणि त्याचा भार आपल्याला जन्मभर वाहायचा आहे, अशा अर्थाचे ते बोलले. सत्तेवरून उतरल्यावर का होईना, एवढे उघड बोलणारी माणसे थोडी, म्हणून मला त्यांचे कौतुक वाटते. हैतीच्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग हा भाग निराळा. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच नदीतून पटकी पसरली. ह्या देशात कैक पिढ्यांत ती कोणाला ठाऊक नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतली घाण ओढ्यात जात होती, तेथून ती आली. पुढच्या वर्षांत सुमारे दहा हजार माणसे मेली. जे रक्षणाला आले त्यांनी रोग आणला हे कबूल करायला संयुक्त राष्ट्रांना २०१६ साल उजाडावे लागले.

आम्ही भरलेला साबण त्या पटकीत कोणाच्या हाती पडला असेल का, असा विचार मी पुण्याला परत आल्यावर करीत असे. पडला असेल तर ते आमचे भाग्य. साबणाची वडी ही फार प्रामाणिक वस्तू आहे. ती कोणाचा बाजार बसवत नाही की कोणाचे पोर नेत नाही.

पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. मदतीच्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला काय वाटते ते मला थोडे ठाऊक आहे, कारण माझी आजी त्या टोकाला उभी होती.

आजी राहुरीच्या बाजूची. १८९९ साली पाऊस पडला नाही आणि १९०० साली लोक गुरे सोडून देशोधडीला लागले, तेव्हा ती दहा वर्षांची होती. त्या दुष्काळाची वर्णने अमेरिकेतल्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ ह्या साप्ताहिकाने छापली. त्याचे चालक लुई क्लॉप्श ह्यांनी वाचकांना मदतीची हाक दिली, आणि चर्चाचर्चांतून पैसे गोळा झाले. मे १९०० मध्ये ‘क्विटो’ नावाची आगबोट न्यूयॉर्कहून सुमारे दोन लाख बुशेल मका, म्हणजे पाच हजार टन, घेऊन मुंबईला निघाली. बोटीचे भाडे अमेरिकेच्या सरकारने सोसले. हा मका आणि नंतर आलेले पैसे निरनिराळ्या मिशनांनी मिळून वाटले. नगरचे डॉ. रॉबर्ट ह्यूम हे त्या कामातले प्रमुख. त्यांना पुढे सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. ओहायोतल्या त्या तळघरात जी माणसे पिशव्या भरत होती, त्यांच्या पणजोबांनी कदाचित आपल्याच देशासाठी डॉलर काढून ठेवले असतील, हे मला तेव्हा माहीत नव्हते. असते तर मी शेजारीणबाईंना सांगितले असते. त्यांना ते फार आवडले असते.

आजीच्या बापाने मिशनच्या आवारातून मका आणला होता. आजी आयुष्यभर त्याला ‘मका’ म्हणाली नाही. ‘ते धान्य’ म्हणे. गावात त्याची चर्चा झाली. मिशनचे खाल्ले, आता बाटणार, असे लोक बोलले. बोलणाऱ्यांतल्या काहींनी स्वतः रात्री जाऊन ते आणले होते हे सांगताना आजी हसे. त्या काळी दुष्काळाच्या पोटी पुष्कळ माणसे ख्रिस्ती झाली ही गोष्ट खरी आहे, आणि तीवरून जेवढा राग धुमसला तोही खोटा नव्हता. पोटाच्या आगीचा फायदा घेऊन आत्मा विकत घेऊ नये, असे मला आजही वाटते. परंतु ज्यांनी राग धरला त्यांच्या कोठारांची दारे त्या वर्षी कितीशी उघडी होती, हे विचारल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या शेकडो मुली आणून ठेवल्या. त्यांच्यावर टीका करणाऱ्यांची नावे आज शोधावी लागतात.

आजीच्या घरचे कोणी ख्रिस्ती झाले नाही. बापाला मात्र घेतल्याची लाज शेवटपर्यंत सलत राहिली. त्या आवारावरून जायचे तर तो वळसा घेऊन जाई. आजीच्या आठवणीत निराळेच राहिले होते. धान्य मापून देणाऱ्या ओळीजवळ एक मडम उभी होती. सगळे अंगठा उठवून पुढे सरकत. तिने आजीच्या हनुवटीला हात लावून मोडक्या मराठीत विचारले. आजी ते सांगताना आवाज बदलून सांगे: “पोरी, तुजं नाव काय गं?” आणि पुढल्या आठवड्यात पुन्हा गेली तेव्हा मडमेने तिला नावाने हाक मारली. “येवढ्या मान्सात तिला माजं नाव ऱ्हायलं,” आजी म्हणे. मडमेचे नाव काय होते ते आजीला आठवत नव्हते. तिने कधी विचारलेच नव्हते.

आता पाहा. देणारीचे नाव आजीला माहीत नव्हते. म्हणजे तिच्यापुरते ते गुप्तदानच झाले. पण घेणारीचे नाव देणारीला माहीत होते, आणि सत्तर वर्षे टिकली ती तेवढीच गोष्ट. मका चार महिन्यांत संपला. आपल्या शास्त्रांनी, आणि त्यांच्याही, देणाऱ्याच्या नावाची एवढी चिकित्सा केली. ते सांगावे की लपवावे, लपवले तर पुण्य किती वाढते. घेणाऱ्याला काही नाव असते ह्याचा विचार मला त्या चिकित्सेत फारसा दिसत नाही. गीतेने देश-काल-पात्र म्हटले. पण ‘पात्र’ ह्या शब्दातही देणाऱ्याने वरून टाकलेली नजर आहे. हे पात्र, ते अपात्र. नागपट्टिणमच्या कोळिणीला कोणी विचारले नाही, आयडाहोच्या मंडळींनी मुलांना विचारले नाही, तांदूळ पाठवणाऱ्यांनी आर्टिबोनाइटच्या शेतकऱ्याला विचारले नाही. ह्यातले काही तुच्छतेने झाले, काही अगदी प्रेमाने झाले. विचारले मात्र कोणीच नाही.

सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळींची एक कथा नव्या करारात आहे. क्लॉडियस बादशहाच्या काळात दुष्काळ पडणार असे कळल्यावर अंत्युखियाच्या मंडळीने यहूदीयातल्या आपल्या भाईबंदांना वर्गणी पाठवली. समुद्रापलीकडे आणि डोंगरापलीकडे मदत पाठवण्याची चर्चची रीत एवढी जुनी आहे. पुढे पौलाने करिंथकरांना दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी ऐपतीप्रमाणे बाजूला काढून ठेवायला सांगितले, आणि पैसे नेणारी माणसे तुम्हीच पारखून निवडा असेही बजावले. हिशेबाच्या बाबतीत तो फार काटेकोर होता. पण मला त्यातले लक्षात राहिले ते हे की पैशांबरोबर माणसे पाठवली. पैसा हलका असतो. तो एकटा गेला असता. माणूस गेला म्हणजे तो तिकडच्यांची नावे घेऊन परत येतो.

पैसेच पाठवावे, वस्तू पाठवू नयेत, असे आज जाणकार सांगतात, आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पैशाने तेथल्याच दुकानातून साबण घेता येतो, तेथल्याच दुकानदाराचे घर चालते, जहाजाचे भाडे वाचते. माझा जावई त्या शनिवारी हेच म्हणाला. चाळीस माणसांनी एक दिवस घालवून जे केले ते एका धनादेशाने झाले असते, असा त्याने हिशेब मांडला. मुलगी त्याच्यावर चिडली. “अरे, त्या आजींना एक दिवस हैतीजवळ बसायचे होते,” ती म्हणाली. मला दोघांचेही पटले. मात्र ते जवळ बसणे कोणासाठी होते, बाईंसाठी की हैतीसाठी, हे मी तिला विचारले नाही. विचारले असते तर ती माझ्यावरही चिडली असती.

म्हणून त्या चिठ्ठीचे मी काय केले हे मला छळते. मी तिला देणाऱ्याचे नाव म्हणून काढले. नाव तिच्यात होतेच. पण एकशे चाळीस पिशव्यांत एकच पिशवी अशी होती की जी घेणाऱ्याला काही विचारत होती, आणि तपासणीच्या टेबलावर बसून मी नेमका तो प्रश्न काढून घेतला. नियम चुकीचा नव्हता. तोच कागद बॉल्डविनला दुसऱ्या कोणी काढलाच असता. हे सगळे खरे आहे, आणि तरीही आजीला मडमेने नाव विचारले नसते तर तिने मला दुष्काळाची कोणती गोष्ट सांगितली असती, हे मला सुचत नाही.

जूनमध्ये मी परत निघाले. निघण्याच्या आधल्या दिवशी शेजारीणबाई त्यांच्या टपालपेटीपाशी उभ्या होत्या. बर्फ केव्हाच वितळले होते. त्यांनी पेटीच्या खांबाभोवती पिवळी फुले लावली होती. मला पाहून म्हणाल्या, “हैतीहून पत्र यायला किती दिवस लागत असतील?” मी म्हणाले, “तिकडची टपालकचेरी भूकंपात पडली असेल.” त्यांनी मान हलवली. “बरोबर आहे. आधी घरे बांधतील, मग टपाल.” त्याच वेळी मी पर्स उघडून चिठ्ठी त्यांच्या हाती ठेवायला हवी होती. पर्स माझ्या खांद्याला होती. मी आत गेले आणि सामान बांधू लागले.

पुढे तीन वर्षांनी त्या वारल्या. मुलीने फोनवर सांगितले. त्यांच्या घरात आता दुसरे कुटुंब राहते, दोन लहान मुले आहेत. टपालपेटी तीच आहे. निळा कागद माझ्या पासपोर्टच्या पाकिटात आहे. त्यावरचे अक्षर अजून चांगले वाचता येते.